हत्यार धरणारा मास्तर : कारागिराने शिक्षक होण्याचा इतिहास आणि आपली जागा



आपल्या चळवळीत ‘शिका’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा पदवी असाच घेतला जातो. बीए, एमए, एलएलबी, स्पर्धा परीक्षा. वस्तीतला मुलगा एमपीएससी पास झाला की चौकात फ्लेक्स लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण त्याच वस्तीतला एखादा वेल्डर दहा-बारा वर्षं कंपनीत राबून आयटीआयमध्ये शिल्प निदेशक झाला, तर त्याचा फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या घरचेसुद्धा ‘सरकारी नोकरी लागली’ एवढंच सांगतात. तो मास्तर झाला, हे कुणी म्हणत नाही.

माझं म्हणणं असं आहे की कारागिराने शिक्षक होणं ही आपल्या समाजासाठी नोकरी बदलण्याची साधी गोष्ट नाही. या देशात कौशल्य कुणी शिकायचं आणि कुणी नाही हे शेकडो वर्षं जातीने ठरवलं. शिकवणाऱ्याच्या जागेवर जो बसतो, त्याच्या हातात आत येण्याचं दार असतं. त्या जागेवर आपला माणूस कसा पोहोचला, त्यासाठी कुणी काय केलं, आणि आज ती जागा हातातून कशी निसटते आहे, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

कौशल्याला जातीचं कुलूप

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये एक मूलभूत भेद दाखवून दिला. जात म्हणजे कामाची वाटणी, असं समर्थन केलं जात होतं. बाबासाहेबांनी दाखवलं की जात काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीत. गावगाड्यात सुताराचं काम सुताराच्या मुलाने, लोहाराचं लोहाराच्या मुलाने शिकायचं. शाळा नाही, पुस्तक नाही, फी नाही. वरवर पाहता छान वाटतं. पण त्या घरात जन्म न घेतलेल्याला त्या ज्ञानाकडे जाणारी वाटच नव्हती.

आपल्याकडे कौशल्य नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. ढोर आणि चांभार समाजाचं कातडी कमावण्याचं काम म्हणजे रसायनशास्त्र होतं. मातंग समाजाचे दोर, बुरुडाच्या टोपल्या, यांच्याशिवाय शेती चालली नसती. पण हे ज्ञान ‘घाण’ ठरवलं गेलं, त्याचा मोबदला नाकारला गेला, आणि ज्या कामात पैसा व प्रतिष्ठा होती तिथे पाऊल ठेवू दिलं गेलं नाही.

फुल्यांनी मागितलेला शिक्षक

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपण सगळे सांगतो. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा याबद्दल त्यांनी जे मांडलं ते फारसं सांगितलं जात नाही. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते सोवळ्यामुळे मुलांपासून अंतर राखून राहतात, ही त्यांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करण्याची मागणी केली. असा शिक्षक लोकांत मिसळेल आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला लाजणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, असंही त्यांनी सुचवलं.

म्हणजे हाताने काम करता येणं ही शिक्षकाची पात्रता आहे, हे फुल्यांनी १४० वर्षांपूर्वी सरकारदरबारी मांडलं होतं. ब्राह्मणी शिक्षणव्यवस्थेने नेमकं उलटं केलं. शिकवणारा तो ज्याचे हात मळत नाहीत, आणि हात मळणारा तो ज्याला शिकवावं लागतं, अशी फाळणी केली.

गिरणी आणि तोंडाने ओढलेला धागा

यंत्रयुग आलं की जात जाईल, असं अनेकांना वाटत होतं. मुंबईच्या कापडगिरण्यांनी ते खोटं ठरवलं. गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकाम खात्यात होता आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. मुसलमान विणकरही यात मागे नव्हते. परिणामी आपले लोक कमी पगाराच्या कताई खात्यात अडकून राहिले.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली, आणि ती पुढाऱ्यांनी नाखुशीनेच घेतली. मालकांनी मग हात वर केले, की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्याच कामगारांचा आहे.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गिरणीत कामगार शिकत कसा होता? भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात होती. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आणायचा. नवा पोरगा काकाच्या किंवा मामाच्या शेजारी उभा राहून मागावर हात बसवायचा. ज्याचा काका-मामा त्या खात्यात नाही, त्याला शिकवणारच कोण? गावातलं घरचं शिक्षण गिरणीत नात्याचं शिक्षण होऊन आलं. धोट्याचा विटाळ उघड दिसत होता. ही दुसरी अडचण कुणाला दिसतही नव्हती.

पुढे १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, ही मांडणी बाबासाहेबांनी तिथे केली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपचीही स्थिती सांगितली. आपला माणूस हमाल म्हणून लागतो आणि हमाल म्हणूनच राहतो. मिस्त्री, चार्जमन, फोरमन या जागांवर तो दिसत नाही. मिस्त्री म्हणजे काय? जो दुसऱ्याला काम शिकवतो आणि त्याचं काम तपासतो तो. बाबासाहेबांचं लक्ष नेमकं त्या पायरीवर होतं.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. दुसरं महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्कराला फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते. त्यासाठी १९४० पासून तांत्रिक प्रशिक्षणाची योजना चालू झाली होती आणि १९४१ पासून ‘बेव्हिन योजने’खाली भारतीय तरुण प्रशिक्षणासाठी ब्रिटनला जात होते. या योजना बाबासाहेबांच्या आधीच्या आहेत. सगळंच त्यांच्या नावावर टाकायची आपल्याला गरज नाही. त्यांनी खरोखर केलेलं काम पुरेसं मोठं आहे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात केंद्रीय नोकऱ्यांत आरक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्चशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्याच, पण सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याचीही मागणी केली. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत ८.३३ टक्के आरक्षण आलं, १९४४ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शिकाऊ उमेदवारीतल्या आरक्षणाला कायद्याची जागा मिळायला मात्र फार वेळ लागला. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचं कलम १९७३ च्या दुरुस्तीने आलं. बाबासाहेबांच्या मागणीनंतर ३१ वर्षांनी.

१९४५ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, त्यांच्या खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभं राहिलं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम आणि प्रशिक्षण देणं हा त्याचा पहिला हेतू. याच यंत्रणेतून १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि देशभर सुमारे ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, उभ्या राहिल्या.

पण त्याच्याही दोन वर्षं आधी घडलेली गोष्ट माझ्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी इथे निदेशकांना प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. बिलासपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं, म्हणजे आपला विदर्भ ज्या प्रांतात होता त्याच प्रांतात. कारागिरांना शिकवण्याआधी कारागिरांचे शिक्षक तयार करायचे, हा क्रम शासनाने तिथे धरला. पुढे १९६० च्या दशकात मुंबई, कानपूर, लुधियाना, हैदराबाद अशा शहरांत केंद्रीय प्रशिक्षण संस्था झाल्या. मुंबईची संस्था शीव-चुनाभट्टीला आहे. आज तिचं नाव राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था असं आहे.

याचं सामाजिक महत्त्व काय? पहिल्यांदाच कौशल्याचा लेखी अभ्यासक्रम झाला. तास ठरले, परीक्षा ठरली, प्रवेशाला जातीची अट उरली नाही आणि राखीव जागा आल्या. मामा-काका नसलेल्या पोरालाही लेथसमोर उभं राहायचा हक्क मिळाला. आणि शिकवणारा नात्याने ठरणार नाही, तर कामाच्या अनुभवाने आणि प्रशिक्षणाने ठरेल, हे तत्त्व म्हणून मान्य झालं.

नवी मुंबईची गोष्ट

आता आपल्या भागाकडे येऊ. एमआयडीसी १९६२ ची, सिडको १९७० ची. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रसायन, औषध, इंजिनिअरिंगचे कारखाने आले. आगरी-कोळी गावांची भातशेती, मिठागरं, मासेमारी गेली. ९५ गावांची जमीन नव्या शहरात आली. दुसऱ्या बाजूने १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सातारा भागातले आपले लोक आले आणि दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत डोंगराच्या पायथ्याशी वस्त्या उभ्या राहिल्या.

त्या पहिल्या पिढीने शहराचे रस्ते आणि इमारती बांधल्या, कंपन्यांत हेल्परी केली. दुसऱ्या पिढीतली मुलं ठाणे, अंबरनाथ, बेलापूर, पनवेल इथल्या आयटीआयमध्ये गेली. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही ट्रेडची सरकारी मराठी नावं. वस्तीत आपण फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमनच म्हणतो. ज्या घरात आधी कुणाच्या हातात स्पॅनर आला नव्हता, त्या घरातला पोरगा व्हर्नियरने माप घेऊ लागला.

या पट्ट्यात काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. चाळिशीजवळ आलेला, हातात पक्कं काम असलेला माणूस कंत्राटदाराकडे बारा-बारा तास राबतो. कंपनीत तीन इंजिनिअर त्याला विचारून काम करतात, पण कागदावर तो हेल्पर असतो. निदेशक व्हायचा मार्ग आपल्यासाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हाताला येतं ते तोंडाने सांगणं

काम येणं आणि काम शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मान्य करायला हवं. जुना वेल्डर आर्कच्या आवाजावरून ओळखतो की रॉड लांब गेला आहे. त्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ‘बघ आणि कर’ यापलीकडे तो सांगू शकत नाही. नवशिक्याचा रॉड मात्र पत्र्याला चिकटतो. तेव्हा निदेशकाला स्वतःचं काम सुटं करून पाहावं लागतं. रॉड आणि जॉब यांत अंतर किती? साधारण रॉडच्या गाभ्याच्या जाडीइतकं. कोन किती, हात किती वेगाने सरकवायचा, आवाज कसा यायला हवा. फिटरचा पहिला धडा कानस चालवण्याचा. घाव सुरू होताना जोर पुढच्या हातावर आणि संपताना मागच्या हातावर हवा, नाही तर पृष्ठभाग मधे फुगतो. हे वीस वर्षांच्या फिटरच्या हाताला ठाऊक असतं. ते शब्दांत आणणं हे शिक्षकाचं काम.

यासाठी पद्धत आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीला माणसं कमी पडली, तेव्हा कसलेल्या कारागिरांना शिक्षक करावं लागलं. त्या अनुभवावर चार्ल्स ॲलन यांनी १९१९ साली पुस्तक लिहून चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम सांगा आणि दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग तपासा. आजही निदेशकांच्या प्रशिक्षणात पाठ-नियोजन साधारण याच चार पायऱ्यांनी शिकवतात.

पण एक अडथळा पद्धतीने सुटत नाही, तो म्हणजे ‘हातचं राखून’ शिकवणं. वर्कशॉपमधला मिस्त्री शेवटची खुबी सांगत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. त्याला नुसता कोता स्वभाव म्हणून चालणार नाही. ती खुबी हेच त्याचं भांडवल असतं. ती दिली की मालक त्याच्या जागी स्वस्तातला पोरगा ठेवील, ही त्याची भीती खरी असते. मात्र या राखून ठेवण्याचा सगळ्यात जास्त फटका आपल्याच मुलांना बसला, कारण आपलं म्हणून कानात सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

तथागतांनी महापरिनिब्बाण सुत्तात आनंदाला सांगितलं आहे की धम्म शिकवताना त्यांनी आचार्याची झाकली मूठ ठेवलेली नाही. पालीत याला ‘आचरियमुट्ठि’ म्हणतात. काही गुपित स्वतःपाशी ठेवायचं आणि त्यावर गुरुपण टिकवायचं, ही रीत बुद्धांनी नाकारली. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूच्या परंपरेला आपलं उत्तर हेच आहे. आणि मूठ उघडायची असेल तर शिकवणाऱ्याच्या पोटाची हमी हवी. म्हणून कायम निदेशकाची जागा हा नुसता पगाराचा प्रश्न नाही.

आजचा डाव

१९५६ साली आयटीआयचं प्रशासन राज्यांकडे आलं. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय ते पाहतं. २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या १,४५७ पदांची जाहिरात निघाली. एवढ्या जागा एकदम काढाव्या लागल्या, याचा अर्थ त्या भरल्याविना राहिल्या होत्या. कायम निदेशक नसतील तिथे तासिका तत्त्वावर माणूस घ्यायचा, हे आता नेहमीचं झालं आहे. सुट्ट्यांचा पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. असा माणूस मूठ उघडून शिकवील, ही अपेक्षा तरी कशी करायची?

दुसरी गोष्ट. प्रशिक्षण हा विषय दशकानुदशके केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे होता. २०१५ मध्ये तो कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला. नाव आकर्षक आहे, पण कामगाराचा हक्क या चौकटीतून विषय बाहेर पडला आणि उद्योगाला लागणारा माल, या चौकटीत गेला.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. पेरियारांच्या चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, म्हणून विरोध केला आणि १९५४ मध्ये कामराज सरकारने ती मागे घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने १८ पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना आणली. तिची भाषा गुरु-शिष्य परंपरेची आणि कुटुंबात चालत आलेल्या व्यवसायाची आहे. २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने आहे त्या स्वरूपात ती राबवायला नकार दिला आणि घराण्याच्या व्यवसायाची अट काढा, असं म्हटलं. महाराष्ट्रात ही चर्चा आपण पुरेशी केलेली नाही. कारागिराला मदत मिळायलाच हवी. पण बापाचा धंदा मुलाने शिकावा असं शासन सांगू लागलं, तर १९५० साली लेखी अभ्यासक्रमाने उघडलेलं दार पुन्हा ढकललं जातं.

आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतात, ‘आमच्या पोरांना परत हातकामातच अडकवणार का?’ प्रश्न रास्त आहे. दहावीला कमी गुण पडले म्हणून बहुजन मुलांना सरसकट आयटीआयकडे ढकललं जात असेल, तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण जो आधीच या वाटेवर आहे त्याच्यापुढे वरची पायरी ठेवणं म्हणजे अडकवणं नव्हे. निदेशक, गट निदेशक, प्राचार्य या जागा आपण सोडल्या, तर आपली मुलं शिकायला जातील आणि समोर शिकवायला कायम दुसराच कुणी असेल.

मग करायचं काय?

पहिलं, माहिती पोहोचवा. केंद्राच्या अभ्यासक्रम-पुस्तिकांनुसार बहुतेक ट्रेडमध्ये आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचा अनुभव असलेला कारागीर निदेशक होऊ शकतो; पदविकाधारकाला दोन, तर पदवीधराला एक वर्षाचा अनुभव लागतो. सोबत शिल्प निदेशक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. ते प्रशिक्षण एक वर्षाचं आहे, प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने होतो. आपल्यासाठी संस्था दूर नाही. वाशीहून सीएसएमटी लोकल पकडली की गाडी न बदलता चुनाभट्टी येतं.

दुसरं, त्याच पुस्तिकांत एक टीप आहे. दोन निदेशकांच्या युनिटमध्ये एक पदवी-पदविकावाला आणि दुसरा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीतून आलेला असावा. ही टीप कारागिराची जागा राखते. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये ती पाळली जाते का, आणि राखीव पदं किती रिकामी आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

तिसरं, अनुभवाचा पुरावा जपा. कंत्राटदार अनुभवाचं पत्र देत नाही आणि तिथेच आपल्या माणसाचा अर्ज अडतो. वेतनपावती, पीएफचा क्रमांक, ईएसआयसीचं कार्ड, कंपनीचा गेटपास, सगळं पहिल्या दिवसापासून सांभाळायला तरुणांना सांगा. संघटनेच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या.

चौथं, विहारात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका असते, तशी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या जुन्या फिटर-वेल्डरसाठी ठेवा. त्यांनी नव्या मुलांना काम समजावून सांगायचं. त्यातूनच त्यांना शिकवण्याची सवय लागेल. आणि यात शिवणकाम, ब्युटी पार्लर, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या आपल्या बहिणींना वगळू नका. घर, काम आणि मुलं सांभाळून त्या रोज शेजारच्या मुलींना शिकवतच असतात, फक्त त्याची नोंद कुठेच होत नाही.

फुल्यांनी वाकस हाती घ्यायला न लाजणारा शिक्षक मागितला होता. बाबासाहेबांनी वर्कशॉपमध्ये आपला मिस्त्री का नाही, असं विचारलं होतं. आज आपल्या वस्त्यांत असे हात हजारोंनी आहेत. येत्या १४ एप्रिलच्या सत्काराच्या यादीत अधिकाऱ्यांच्या नावांसोबत आपल्या आयटीआयमधल्या निदेशकांची नावं घाला, आणि त्यांच्याकडून मंचावर भाषण घेण्याऐवजी पुढच्या भरतीचा अर्ज कसा भरायचा हे मुलांना समजावून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!